वार्धक्याचा अनुशेष



वृद्धांच्या प्रश्नाचा विचार करताना १९८२ हे साल दोन घटनांमुळे लक्षात राहण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने वार्धक्याविषयीची पहिली जागतिक परिषद भरली आणि म्हातारपण हा केवळ घरातला विषय नसून राज्यकारभाराचाही विषय आहे, हे जगातील राष्ट्रांनी मान्य केले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबर रोजी वर्धा जिल्ह्यात, धाम नदीच्या काठी पवनार येथे, आचार्य विनोबा भावे यांनी वयाच्या ८८व्या वर्षी देह ठेवला. अखेरच्या दिवसांत अन्न आणि औषध त्यांनी स्वेच्छेने थांबविले होते. १९५९ साली त्यांनीच स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनी त्यांच्याभोवती होत्या.

विनोबांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या नावावर शेत नव्हते, निवृत्तिवेतन नव्हते, बँकेत ठेव नव्हती. म्हातारपणाची जी साधने संसारी माणूस जन्मभर जमवीत असतो, त्यांतील एकही त्यांच्यापाशी नव्हते. असे असूनही त्यांचे वार्धक्य उपेक्षित नव्हते, कारण त्यांच्याभोवती माणसे होती. याच जिल्ह्यात आज अशा कितीतरी वृद्ध स्त्रिया आढळतील की ज्यांच्यापाशी शेत नाही, निवृत्तिवेतन नाही, ठेवही नाही, आणि भोवती माणसेही नाहीत. पहिल्या प्रसंगात अपरिग्रह होता, दुसऱ्यात अभाव आहे. या अभावाचे स्वरूप सर्व गावांत आणि सर्व समाजांत सारखे नाही. ते कोठे कसे बदलते, हे पाहणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

जिल्ह्याचे बदलते वय

२००१च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १२,३६,७३६ होती. २०११मध्ये ती १३,००,७७४ झाली. म्हणजे दहा वर्षांतील वाढ सुमारे ५ टक्के. त्याच काळात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. ही वाढ मंदावण्याची कारणे उघड आहेत. कुटुंबे लहान झाली आणि तरुण मंडळी नागपूर, पुणे, मुंबईकडे गेली. जन्म कमी होतात आणि तरुण बाहेर जातात, तेव्हा गावाचे सरासरी वय वाढते. २०११मध्ये साठ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. आणि राज्यात ते शहरांपेक्षा खेड्यांत अधिक होते. ज्या खेड्यांत दवाखाना दूर, बँक दूर आणि मुलगा त्याहूनही दूर, तेथेच वृद्ध अधिक, अशी ही स्थिती आहे.

विदर्भातील श्रोत्यांना 'अनुशेष' हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने सत्यशोधन समिती नेमली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य इत्यादी क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, याचे मोजमाप या समितीने १९८४च्या अहवालात मांडले. पाटबंधाऱ्यांचा अनुशेष मोजता आला, रस्त्यांचाही मोजता आला. वृद्धांच्या सांभाळाचा अनुशेष मात्र आजवर कोणी मोजलेला नाही. कारण म्हातारपण हे घराच्या उंबरठ्याआतले काम समजले गेले. उंबरठ्याआतले काम अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि जे अंदाजपत्रकात दिसत नाही त्याची तूटही कोठे नोंदली जात नाही.

चार दारे

एकाच जिल्ह्यातील चार वृद्धांची कल्पना करावी. पहिले गृहस्थ पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारातून निवृत्त झालेले. त्यांना दरमहा निवृत्तिवेतन मिळते व महागाईनुसार ते वाढते. मुलगा पुण्यात, मुलगी सासरी. घर पक्के आहे, औषधांना पैसा आहे. परंतु रात्री छातीत दुखू लागले तर दार ठोठावण्यास शेजाऱ्यावाचून कोणी नाही.

दुसरे हिंगणघाटच्या कापड गिरणीत आयुष्य घालविलेले कामगार. त्यांचे निवृत्तिवेतन १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून येते. या योजनेतील किमान रक्कम सप्टेंबर २०१४पासून दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. दोघांनीही कारखान्याचा भोंगा ऐकूनच दिवस मोजले. उतारवयातले अंतर मात्र जमीन-अस्मानाचे पडले.

तिसरे देवळी किंवा समुद्रपूर तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी. पाच एकर काळे वावर, त्यात कपाशी, तूर आणि सोयाबीन. जोवर सातबारा त्यांच्या नावावर आहे तोवर घरात त्यांच्या शब्दाला वजन आहे. पाऊस दगा देतो आणि कर्ज थकते तेव्हा ते वजन सातबाऱ्यासह सावकाराकडे किंवा सोसायटीकडे गहाण पडते.

चौथे दार भूमिहीन शेतमजूर विधवेचे. हयातभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केले आणि कापूस वेचला. तिला कधी कोणी निवृत्त केले नाही. हात चालेनासे झाले त्या दिवशी ती आपोआप निवृत्त झाली.

जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११च्या गणनेनुसार अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे साडेचौदा टक्के आणि अनुसूचित जमातींचे सुमारे साडेअकरा टक्के आहे. चौथ्या दारापुढील वृद्धांत या समाजांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अधिक असणे स्वाभाविक आहे. कारण जमीन आणि कायम नोकरी यांपासून हे समाज पिढ्यानुपिढ्या दूर ठेवले गेले. यास्तव 'अमक्या समाजात आईबापांना सांभाळतात, तमक्या समाजात सांभाळत नाहीत' असे चावडीवर जे सहज बोलले जाते, ते तपासून पाहावे. बहुतेक वेळा हा फरक मायेचा नसून मालकीचा असतो. ज्याला मजुरीवर दोन मुले जगवावयाची आहेत, तो आईच्या औषधाला विसरतो याचा अर्थ त्याला आई नकोशी झाली असा होत नाही.

पोड, बेडा आणि वस्ती

तथापि सर्व गोष्टी पैशाने मोजता येत नाहीत. कारंजा, आर्वी, आष्टी आणि सेलू तालुक्यांच्या डोंगराळ व जंगलपट्ट्यात गोंड समाजाच्या वस्त्या आहेत. जिल्ह्यात कोलामांची पोडे आहेत, पारध्यांचे बेडे आहेत. कोलाम ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित म्हणून मान्य केलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक. इतर दोन कातकरी आणि माडिया गोंड. या वस्त्यांत वृद्ध माणसाच्या हाती पैसा नसतो, पण त्याच्या शब्दाला मान असतो. देवकार्य, सोयरीक, भांडणाचा निवाडा, औषधी मुळ्यांची ओळख, यांपैकी पुष्कळसे ज्ञान त्याच्यापाशी असते. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्याच्या नियमांत दाव्याच्या पुराव्यांची जी यादी दिलेली आहे, तीत दावेदाराखेरीज अन्य वयोवृद्धांचे लेखी नोंदविलेले कथन हाही एक पुरावा मानला आहे. ज्याच्या स्वतःच्या जन्माचा कोठे दाखला नाही, त्याची स्मृती मात्र कायद्याने दाखला म्हणून स्वीकारली, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु हाच वृद्ध तालुक्याच्या ठिकाणी आला की त्याचा मान वेशीवरच राहतो. त्याची बोली गोंडी किंवा कोलामी. समोरच्या खिडकीतली भाषा अर्जाची. दुखणे कोठे आहे हे डॉक्टरला सांगताना नातवाला दुभाषी व्हावे लागते, आणि काही दुखणी नातवापुढे सांगता येत नाहीत. पारधी बेड्यातील वृद्धाची अडचण आणखी निराळी असते. ब्रिटिश सरकारने १८७१च्या कायद्यान्वये ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा पायंडा पाडला, त्यांच्या मनातील सरकारी दाराची भीती १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यानंतरही एकदम गेली नाही. जो दारात यायलाच भितो, त्याचे नाव लाभार्थ्यांच्या यादीत कसे येणार?

सारांश, शहरी निवृत्ताजवळ साधने आहेत पण सोबत कमी आहे. वस्तीवरील वृद्धाजवळ सोबत आहे पण साधने नाहीत. आणि भूमिहीन एकाकी विधवेजवळ दोन्ही नाहीत. एकाच मापाची योजना या तिघांना सारखी लागू पडत नाही, ती यामुळे.

योजना आहेत; पोहोच किती?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. केंद्र शासनाची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून अमलात आली व पुढे तिला इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. राज्याची श्रावणबाळ सेवा निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षांवरील निराधारांसाठी आहे. २०२३पासून या अनुदानाची मासिक रक्कम १,५०० रुपये झाली. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे.

पण योजना आणि माणूस यांच्यामध्ये पाच-सहा पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी मागे राहतो. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मुलगा मजुरीवर याहून अधिक मिळवीत असेल तर, तो आईला एक पैसा देत नसला तरी, कागदावर ती निराधार ठरत नाही. दुसरी पायरी वयाची. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पोडावर किंवा वस्तीवर जन्मलेल्या बाईची जन्मनोंद सापडणे कठीण. अशा वेळी शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर वय ग्राह्य धरण्याची सोय आहे. ती ठाऊक नसल्यामुळे अर्ज तसेच पडून राहतात. तिसरी पायरी अंगठ्याची. आयुष्यभर विळा-खुरपे धरलेल्या बोटांच्या रेषा झिजून जातात, आणि रेशन दुकानातील यंत्र ती बोटे ओळखत नाही. ज्या कष्टांमुळे हे अनुदान मिळावयास हवे, त्याच कष्टांमुळे ते अडावे, यापेक्षा विसंगती कोणती? चौथी पायरी बँकेची, पाचवी दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याची. ज्याच्या घरी एक लिहिता-वाचता तरुण आहे तो या पायऱ्या चढून जातो. ज्याच्या घरी कोणी नाही, त्याच्यासाठीच योजना होती. तोच खाली राहतो.

कायदा कोणाच्या उपयोगी?

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा संसदेने २००७ साली केला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे यांच्याकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे मागता येतो. वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट ही या जिल्ह्यातील उपविभागांची ठिकाणे आहेत. अर्ज साध्या कागदावर करता येतो आणि त्याचा निकाल सामान्यतः ९० दिवसांत लागावा, अशी तरतूद आहे. मूलबाळ नसलेल्या वृद्धाला, त्याच्या मालमत्तेचा जो वारस होणार आहे त्या नातलगाकडे भत्ता मागता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर शेत किंवा घर मुलाच्या नावे करून दिले आणि मुलाने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर रद्द करण्याचाही अधिकार न्यायाधिकरणास आहे. यासाठी ती अट दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली असणे हिताचे असते. हे शेतकरी वृद्धांना वेळीच सांगणे तलाठी आणि ग्रामपंचायत यांच्याइतके दुसऱ्या कोणाला सोपे नाही.

मात्र या कायद्याचा आधार प्रामुख्याने ज्यांच्या मुलांपाशी देण्यासारखे काही आहे त्यांनाच मिळतो. मजूर मुलाविरुद्ध मजूर आईने मिळविलेला हुकूम दोघांच्याही पोटात अन्न घालीत नाही. आणि आणखी एक घर असे आहे की जेथे हुकूम बजावण्यास मुलगाच उरलेला नाही. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. अशा घटनेनंतर शासनाची १ लाख रुपयांची मदत पात्र कुटुंबास मिळते. चर्चा विधवेची व मुलांची होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु त्याच घराच्या ओसरीवर मृत शेतकऱ्याचे आईवडील बसलेले असतात. सत्तरीत पुन्हा वखर हाती धरावा लागलेल्या बापाची आणि नातवंडांसाठी पुन्हा चुलीपुढे बसलेल्या आईची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. सून माहेरी गेली तर ती दोघेच उरतात. वृद्धांचा अनुशेष मोजावयाचा झाल्यास त्याचा आरंभ या ओसरीवरून व्हावा.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८९-९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला. पतीने आपल्या हयातीतच पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. विदर्भातील अनेक गावांनी त्यात भाग घेतला. आज त्या घरांतील ज्या स्त्रिया वृद्ध व विधवा झाल्या असतील, त्यांच्या हाती सातबाऱ्याचा एक कागद आहे. म्हातारपणाची तरतूद म्हातारपणी करता येत नाही; ती तीस वर्षे आधी करावी लागते, याचे हे उदाहरण होय.

वर्ध्याचा वारसा

या बाबतीत वर्धा जिल्ह्याला बाहेरून धडे घेण्याची फारशी गरज नाही. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला येऊन राहिले. त्याच वर्षी मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य उभे केले. परचुरे शास्त्री हे संस्कृत पंडित कुष्ठरोगाने ग्रासलेले असताना सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले व स्वहस्ते त्यांची शुश्रूषा केली. रोग बरा झाला तरी ज्यांना घराने परत घेतले नाही, अशांचे म्हातारपण कोठे जाणार, या प्रश्नाला या जिल्ह्याने फार पूर्वीच उत्तर दिले.

दुसरे उदाहरण अधिक व्यवहारातले आहे. १९६९ साली सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. १९८०च्या दशकाच्या आरंभी कस्तुरबा रुग्णालयाने भोवतालच्या गावांत ज्वारीवर आधारलेली आरोग्यविम्याची योजना चालविली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची. शेतमालकाने अधिक, मजुराने कमी. आणि आजारात उपचार मात्र सर्वांना सारखे. रोख पैसा नसलेल्या माणसाला मदतीचा याचक न ठेवता वर्गणीदार करण्याची ही कल्पना होती. देणे ऐपतीनुसार आणि मिळणे गरजेनुसार, हे सूत्र वृद्धांच्या सांभाळालाही लागू करता येण्याजोगे आहे.

एक नोंदवही

असे असता गावपातळीवर काय करता येईल? फार मोठा निधी लागेल असे काम येथे सुचविलेले नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने साठ वर्षांवरील व्यक्तींची एक नोंदवही ठेवावी. वस्ती, पोड, बेडा आणि झोपडपट्टी यांपासून तिची सुरुवात करावी, गावठाणापासून नव्हे. कारण मागे राहिलेले प्रथम मोजले नाहीत तर ते शेवटीही मोजले जात नाहीत. नोंदवहीत पाच प्रश्न पुरेत. या व्यक्तीच्या नावावर घर किंवा शेत आहे काय? दरमहा हाती येणारी रक्कम कोणती, आणि ती खरोखर हाती येते काय? दोन वेळचा स्वयंपाक कोण करतो? डोळे, दात आणि रक्तदाब शेवटचे केव्हा तपासले? आणि दिवसभरात ती व्यक्ती कोणाशी बोलते?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे आशा कार्यकर्ती आणि तलाठी मिळून देऊ शकतील. पाचव्या प्रश्नासाठी शाळेची मदत घ्यावी. सातवी-आठवीतील मुलांनी आठवड्यातून एकदा वस्तीवरील वृद्धांकडे जाऊन त्यांची पत्रे, बँकेची पुस्तके व औषधांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवाव्यात. मोबदल्यात जुन्या विहिरी, पिके, वनस्पती, बोलीतील शब्द यांची माहिती लिहून आणावी. दोघांनाही काही देण्यासारखे आहे, ही जाणीव अनुदानाइतकीच मोलाची आहे. नोंदवहीतील ज्या नावापुढे सर्व रकाने रिकामे असतील, त्या नावाचा अर्ज ग्रामपंचायतीनेच भरावा आणि ग्रामपंचायतीच्याच माणसाने तो तहसील कार्यालयात पोहोचवावा. वृद्धाने कार्यालयाकडे जाण्याऐवजी कार्यालयाने वृद्धाकडे जावे, एवढाच दिशेतील बदल अपेक्षित आहे.

संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठरविल्याप्रमाणे १ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिकांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हारतुरे होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, आणि सत्कारास बहुधा तेच वृद्ध येतात ज्यांना येण्यासारखे कपडे आणि आणण्यासारखी माणसे आहेत. दुसऱ्याच दिवशी गांधीजयंती असते आणि गावोगाव ग्रामसभा भरते. गांधीजींच्या या जिल्ह्यात २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ही नोंदवही ठेवली जावी आणि त्यातील रिकाम्या रकान्यांची नावे मोठ्याने वाचली जावीत. १ तारखेच्या सत्काराला जे आले नाहीत ते कोण, हे २ तारखेला गावाला कळेल. वार्धक्याच्या अनुशेषाची पहिली मोजदाद तीच असेल.